शेतात हिवाळा काढणारे व्हिनचॅट: नायजेरियातील जोस पठारावरचे एक प्रकरण

(संशोधकांची, गावांची आणि शेतकऱ्यांची नावे दिलेली नाहीत. आकडे प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतले आहेत. जिथे फक्त समजावण्यासाठी हिशेब मांडला आहे, तिथे तसे म्हटले आहे.)

पार्श्वभूमी

दर शरद ऋतूत युरोपातून सुमारे 2.1 अब्ज लहान पक्षी सहारा ओलांडून आफ्रिकेत हिवाळा काढायला जातात, असा अंदाज 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिनचॅट हा त्यांतलाच एक, जेमतेम 15 ग्रॅम वजनाचा. आपल्या माळरानावर झुडपाच्या शेंड्याला बसून शेपूट झटकणारा गप्पीदास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना व्हिनचॅट ओळखायला वेळ लागणार नाही. दोघे सॅक्सिकोला या एकाच प्रजातीतले (genus), पण जाती वेगळ्या. उंचवट्यावर बसायचे, जमिनीवर नजर ठेवायची, मुंगी, भुंगेरा किंवा नाकतोडा दिसला की झेप घेऊन टिपायचा आणि परत बसायचे, हीच दोघांची रीत.

पश्चिम युरोपात व्हिनचॅट अनेक वर्षे घटत आहे. ब्रिटनने 2015 मध्ये त्याला धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत घातले. घट नेमकी कुठे होते, यावर मात्र एकमत नव्हते. विणीच्या प्रदेशातले एक कारण स्पष्ट होते: गवताची कापणी पूर्वीपेक्षा लवकर होते, आणि जमिनीवरच्या घरट्यातली अंडी, पिल्ले, कधी बसलेली मादीही यंत्राखाली जाते. दुसरा संशय आफ्रिकेवर होता आणि त्याला इतिहास होता. 1968 साली सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात पाऊस हुकला आणि 1969 च्या वसंतात ब्रिटनमधले व्हाइटथ्रोट 77 टक्क्यांनी कमी भरले. तेव्हापासून कुठल्याही स्थलांतरित पक्ष्याची संख्या घसरली की बोट आफ्रिकेकडे जाते.

नायजेरियाच्या मध्यभागी असलेले जोसचे पठार या संशयात चपखल बसणारे आहे. उंची साधारण 1200 मीटर. कथिलाच्या खाणींनी ते पूर्वीच उकरले गेले; त्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यावर आता कोरड्या ऋतूत टोमॅटो आणि बटाटा घेतात. पावसाळी पीक मक्याचे आणि अचा नावाच्या बारीक तृणधान्याचे. शेतांना निवडुंगासारख्या दिसणाऱ्या युफोर्बियाची कुंपणे, मधे पडीक जमीन, तिच्यावर फुलानी गुराख्यांच्या गुरांची चराई. मोठी झाडे बहुतेक तोडलेली. नोव्हेंबर ते मार्च पाऊस नाही, हरमटनचा धुळकट वारा सुटतो, वाळलेले गवत जाळले जाते. युरोपातून पाहणाऱ्याला हा बिघडलेल्या हिवाळी अधिवासाचा ठळक नमुना वाटतो. व्हिनचॅट मात्र सप्टेंबरअखेर ते एप्रिल इथेच असतात.

प्रश्न

शेती आणि चराईने हिवाळी अधिवास खालावला, म्हणून व्हिनचॅट घटला, हे खरे आहे का?

प्रश्न असाच ठेवला तर उत्तर कधीच मिळत नाही, कारण कोणतेही दृश्य त्याच्या बाजूने वळवता येते. म्हणून तो आधी फोडावा लागला. अधिवास खरोखर तोकडा असेल तर जमिनीवर काय दिसायला हवे? चांगल्या जागांसाठी चुरस दिसेल. प्रौढ आणि बलवान पक्षी त्या बळकावतील, कोवळे आणि दुबळे उरलेल्या जागांत ढकलले जातील. जमैकात अमेरिकन रेडस्टार्टच्या बाबतीत हे दिसले आहे: नर जास्त करून दमट खारफुटीत, माद्या कोरड्या झुडपांत, आणि कोरड्या झुडपांतले पक्षी वसंतात उशिरा आणि अशक्त अवस्थेत निघतात. शिवाय हलक्या जागेतले पक्षी कोरडा ऋतू वाढेल तसे ती सोडतील. आणि हिवाळ्यातच बरेच मरतील. यांतले काहीच दिसले नाही, तर शेतीला दोषी ठरवणे अवघड.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ट्रान्सेक्टचा: ठरलेल्या रेषांवरून चालायचे, दिसतील ते पक्षी मोजायचे, आणि शेत, पडीक, कुरण यांतली घनता ताडून पाहायची. खर्च कमी, जागा भरपूर होते. याच पठारावर अशी पाहणी आधी झाली होती. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात शेतजमिनीतले हिवाळी वास्तव्य पक्ष्यांच्या संख्येला आडवे येताना दिसले नव्हते. पण घनतेत दोन फसगती आहेत. एक, मक्याच्या उभ्या धाटावर बसलेला पक्षी दुरून दिसतो, गुडघाभर गवतातला दिसत नाही. तेव्हा फरक पक्ष्यांचा की नजरेचा, हे वेगळे काढावे लागते. दुसरी अधिक खोल आहे. चांगल्या जागेतून हाकललेले कोवळे पक्षी हलक्या जागेत दाटीने राहत असतील, तर घनता तिथेच जास्त भरेल आणि हलकी जागा चांगली वाटेल. किती पक्षी आहेत हे कळते, कोण आहेत आणि पुढे त्यांचे काय झाले हे कळत नाही.

दुसरा पर्याय रेडिओ टॅगचा: पक्ष्याच्या अंगावर लहानसा ट्रान्समीटर बसवायचा आणि त्याच्या संकेतावरून पक्षी शोधायचा. दाट पानोऱ्यात वावरणाऱ्या पक्ष्याला त्याशिवाय गत्यंतर नाही. घानात वूड वॉर्बलरवर तो वापरला गेला, कारण 20 मीटर उंच फांद्यांतल्या 10 ग्रॅमच्या पक्ष्याचे पाय कुणाला दिसणार? पण इतक्या लहान पक्ष्याला पेलेल अशा टॅगची बॅटरी काही आठवडेच चालते. व्हिनचॅटचा हिवाळा पाच-सहा महिन्यांचा, आणि तो तर उघड्यावर बसणारा.

तिसरा पर्याय रंगीत कड्यांचा. पक्षी एकदा पकडायचा, वय आणि लिंग नोंदवायचे, धातूचे एक आणि रंगीत प्लास्टिकची तीन कडी घालायची; पुढचे सगळे काम दुर्बिणीने. इथे हिशेब आधीच करावा लागतो. प्रत्येक पायात दोन कडी बसतात. धातूचे कडे एका ठरावीक जागी ठेवले आणि 8 रंग वापरले, तर 8 × 8 × 8 म्हणजे 512 जुळण्या मिळतात. पण हरमटनच्या धुळीत गडद निळा आणि काळा, नारिंगी आणि लाल हे एकमेकांत मिसळतात. 2 रंग गाळून 6 ठेवले की जुळण्या 216 वर येतात. मग धातूचे कडे डाव्या किंवा उजव्या पायात, वर किंवा खाली असे बदलून त्या चौपट, म्हणजे 864 कराव्या लागतात. हे शेतात उतरण्यापूर्वी वहीत मांडले नाही, तर दुसऱ्या हिवाळ्यात जुळण्या संपतात आणि मेलेल्याची जुळणी जिवंताला देण्याची चूक होते. ती नंतर कुठल्याही आकडेमोडीने सुधारत नाही.

चौथा पर्याय जिओलोकेटर. हे यंत्र फक्त उजेड नोंदवते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून दिवसाची लांबी कळते आणि तिच्यावरून अक्षांश. मध्यान्हीच्या वेळेवरून रेखांश. विषुवदिनांच्या आसपास सगळीकडे दिवस सारखाच असल्याने अक्षांश निरुपयोगी ठरतो. एरवीही चूक शंभर किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे पक्षी कुठल्या शेतात होता हे हे यंत्र कधीच सांगणार नाही. इथला पक्षी वीण कुठे करतो, एवढेच सांगेल, आणि तेही तो परत आला आणि पुन्हा पकडला गेला तर.

काय केले

तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र निवडले गेले. अधिवासाचा प्रश्न रंगीत कड्यांनी सोडवायचा, आणि त्यांतल्या काही पक्ष्यांवर जिओलोकेटर बसवून हिवाळ्याची जागा विणीच्या जागेशी जोडायची. काम सलग 3 हिवाळे चालले.

पकडण्यासाठी मुख्यतः स्प्रिंगचे सापळे वापरले गेले, आणि जोडीला इलॅस्टिकच्या ताणाने झपकन पुढे पडणारे जाळे. व्हिनचॅट आपल्या हद्दीतल्या ठरावीक जागांवर पुन्हा पुन्हा बसतो, त्यामुळे बसण्याची जागा हेरून तिच्याखाली जिवंत अळीचे आमिष लावलेला सापळा ठेवला की काम होते. सापळा मोकळ्या, सपाट मातीवर असावा, कडेला गवताचे बुडखे अडकले तर तो अर्धवट मिटतो आणि पक्षी जखमी होतो. माणूस नजरेच्या टप्प्यात हवाच, कारण अडकलेल्या पक्ष्यापर्यंत मुंग्या मिनिटांत पोचतात.

पक्षी त्याच्याच हद्दीत पकडणे हा फायद्याचा निर्णय होता. धुक्यासारखी बारीक जाळी लावून मिळेल तो पक्षी घेतला असता, तर नुसते जाता जाता उतरलेले पक्षीही नमुन्यात आले असते, आणि ते पुढे दिसेनासे झाले की ‘अधिवास सोडला’ अशी खोटी नोंद झाली असती.

हद्दीची आखणी दिसते तितकी सोपी नाही. पक्षी बसला त्या प्रत्येक जागेचा जीपीएस बिंदू घ्यायचा आणि सगळ्यात बाहेरचे बिंदू जोडून क्षेत्र काढायचे. पण बिंदू वाढले की क्षेत्र वाढतेच. एका पक्ष्याचे 10 बिंदू आणि दुसऱ्याचे 40 असतील, तर दुसऱ्याची हद्द मोठी दिसणार, आणि तो फरक अधिवासाचा नसून निरीक्षकाच्या पायपिटीचा असणार. म्हणून दर पक्ष्यामागे भेटी आणि बिंदू सारखे ठेवावे लागतात. शिवाय एकाच सकाळी घेतलेले बिंदू चालत नाहीत; ते एकाच चाऱ्याच्या फेरीतले असतात. हद्दीत मग बसण्याजोगी झुडपे आणि काठ्या, उघडी माती, गवताची उंची आणि पिके मोजली जातात. वेळेचे अंतरही सांभाळावे लागते. ऑक्टोबरात जिथे उभा मका होता, तिथे डिसेंबरात धसकटे आणि फेब्रुवारीत जळालेली जमीन असू शकते, आणि ऑक्टोबरच्या मापांवर फेब्रुवारीचा पक्षी तोलला की निष्कर्षच बिघडतो.

पट्ट्याचा निर्णय

या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा भाग इथे आहे, म्हणून थोडे थांबायला हवे.

जिओलोकेटर पाठीच्या खालच्या भागावर बसतो आणि दोन्ही मांड्यांभोवतीच्या फासांनी धरला जातो. पट्ट्यासह वजन 0.63 ग्रॅम, म्हणजे पक्ष्याच्या सरासरी वजनाच्या 4.1 टक्के. 5 टक्के ही वरची मर्यादा बरेच जण मानतात, काही 3 वर अडून बसतात. तेव्हा वजन सीमारेषेजवळ होते. पहिल्या वर्षी सगळ्यांना इलॅस्टिकचा पट्टा आणि उजेड घेणारी 10 मिलिमीटरची दांडी होती. ही दांडी पिसांच्या वर निघते, नाहीतर सावलीने नोंदी बिघडतात. पण तीच वाऱ्याला अडते, असाही संशय असतो.

दुसऱ्या वर्षी ही गोष्ट तपासायचे ठरले. दांडी 0, 5 आणि 10 मिलिमीटर अशा तीन प्रकारांत, आणि पट्टा दोन प्रकारांत: इलॅस्टिक, आणि न ताणणारी नायलॉनची विणलेली दोरी, जी पक्ष्याच्या अंगावर गाठ मारून बसवायची. दोन्ही बाबी साधारण समतोल वाटल्या गेल्या. हे महत्त्वाचे, कारण एका वर्षी एक पट्टा आणि दुसऱ्या वर्षी दुसरा असे केले असते, तर पट्ट्याचा परिणाम आणि वर्षाचा परिणाम वेगळा काढताच आला नसता.

एकूण 156 पक्ष्यांवर जिओलोकेटर होते आणि 316 पक्ष्यांना फक्त रंगीत कडी. पुढच्या हिवाळ्यात किती परतले हे पाहिले, तर टॅगवाले (म्हणजे जिओलोकेटर असलेले) आणि बिनटॅगचे यांत ठळक फरक नव्हता. इथेच थांबले असते तर ‘टॅग निरुपद्रवी’ असा शेरा पडला असता. टॅगवाल्यांच्या आत डोकावल्यावर कळले की बांधीव नायलॉनचे पक्षी इलॅस्टिकवाल्यांपेक्षा सरासरी 53 टक्क्यांनी कमी दिसले. समजण्यासाठी हिशेब: इलॅस्टिकवाल्या 100 पैकी 40 परत दिसले असते, तर बांधीववाले 19 च. दांडीच्या लांबीचा परिणाम ठळक नव्हता. एकूण सरासरीत इलॅस्टिकवाल्यांनी बांधीववाल्यांचे नुकसान झाकून टाकले होते.

असे का झाले असावे? स्थलांतरापूर्वी पक्षी चरबी साठवतो आणि त्याचे वजन बरेच वाढते. इलॅस्टिक सैल होऊन तो फुगवटा सामावून घेते. गाठ मारलेला नायलॉनचा फास तसाच राहतो. तो सैल बांधावा तर पाय किंवा पंख अडकतो, घट्ट बांधावा तर जांघ काचते, आणि दोन्हींतले अंतर मिलिमीटरभर. हात सरावला की हे जमेल, असे कुणालाही वाटेल. नोंदी उलट सांगतात: काम पुढे गेले तसे बांधीव पट्टे अधिक घट्ट बसवले जात होते, आणि उशिरा बांधलेल्या पक्ष्यांचे परतणे आणखी कमी असण्याची शक्यता होती.

निकाल

अधिवासाबद्दल मिळालेले उत्तर अपेक्षेच्या विरुद्ध होते. एक अपवाद वगळता सगळे व्हिनचॅट निदान 3 महिने त्याच ठिकाणी राहिले, आणि त्यांतले 49 टक्के निदान 5 महिने, आपापल्या हद्दीत. म्हणजे हलक्या जागा सोडून देण्याची लाट दिसली नाही. निदान 54 टक्के पक्षी पुढच्या हिवाळ्यात परतले आणि त्यांनी जवळजवळ तीच हद्द पुन्हा धरली. प्रौढांत हे प्रमाण 59 टक्के, पहिल्या हिवाळ्याच्या पक्ष्यांत निदान 44. पूर्व युरोपात वीण करून, हजारो किलोमीटर उडून, सहारा दोनदा ओलांडून पक्षी त्याच चार बांधांच्या आत उतरतो. इतके प्रेम कुणी निकस जमिनीवर करत नाही, असा मोह होतो. पण नुसत्या निष्ठेवरून जागेची प्रत ठरवू नये, ओळखीची साधारण जागाही अनोळखी उत्तम जागेपेक्षा सुरक्षित असू शकते. वजनदार पुरावा दुसरा आहे: चांगल्या हद्दी प्रौढ नरांकडे आणि उरलेल्या माद्या-पिल्लांकडे, अशी जमैकासारखी वाटणी इथे दिसली नाही. ज्या हद्दीत बसायला झुडपे जास्त आणि मका होता, त्या हद्दी लहान होत्या, म्हणजे कमी जागेत भागत होते. मक्याचे उभे धाट हे व्हिनचॅटला आयते बसणे आहे.

वार्षिक जगण्याचे प्रमाण निदान 0.52 आले. ‘निदान’ हा शब्द महत्त्वाचा. जो पक्षी दोन शेते पलीकडे गेला आणि दिसला नाही, तो गणितात मेलेलाच धरला जातो, म्हणून हुकलेल्या पक्ष्यांची शक्यता हिशेबात घ्यावी लागली. हिवाळ्याच्या आत मात्र फार थोडे पक्षी गळाले. मग बहुतेक मृत्यू प्रवासात आणि विणीच्या प्रदेशात होत असावेत. घट थांबवण्याचा पैसा आणि श्रम कुठे लावावे, याचे माप यामुळे गवतकापणीच्या तारखांकडे झुकते.

वेगळे काय करता आले असते

पट्ट्याची चाचणी पहिल्याच वर्षी, थोड्या पक्ष्यांवर करायला हवी होती. दुसऱ्या वर्षी समतोल प्रयोग झाला हे चांगलेच, पण तो लहान तुकड्यांत करून, एक हिवाळा थांबून, मग उरलेले टॅग लावले असते तर कमी पक्षी गमावले असते.

दुसरे, खाद्य थेट मोजायला हवे. हद्द लहान आहे म्हणून तिथे कीटक जास्त, हे अनुमान आहे. जमिनीत पुरलेल्या पेल्यांचे सापळे दर महिन्याला लावले, तर कीटकनाशक फवारलेला टोमॅटोचा वाफा आणि शेजारचे पडीक यांतला फरक उघड होईल. निघण्यापूर्वीच्या आठवड्यांतले वजनही हवे. पक्षी हिवाळाभर जगला, पण सहारा ओलांडण्याइतकी चरबी वेळेत साठली का, हे परतीच्या आकड्यांत फार उशिरा दिसते.

तिसरे, तुलनेसाठी सलग, यंत्राने कसलेली, बांध आणि पडीक नसलेली शेती हवी होती. जोसवर शेती, झुडपे आणि चराई एकमेकांत मिसळलेली आहे, आणि व्हिनचॅटला तीच मानवते. ती मिसळण गेली तर काय होईल, हे या कामातून सांगता येत नाही. तसा दावा करणे चूक ठरेल.

आणि हा निकाल दुसऱ्या जातींना लावू नये. वूड वॉर्बलर घानात जंगल विरळ झाल्यावरही टिकला, पण झाडे राखलेल्या शेतीत. झाडेच नसतील तर त्याला तिथे काही नाही. साहेलमध्ये झाड कोणते, यावरच सगळे ठरते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या झाडवार मोजणीत पक्षी बाभळीच्या काही जाती, हिंगणबेट, पिलू आणि फायडर्बिया अशा मोजक्या झाडांवर गोळा झालेले आढळले. फायडर्बिया पावसाळ्यात पाने गाळते आणि कोरड्या ऋतूत हिरवे असते, नेमके पाहुणे येतात तेव्हा. आंबा, काजू, कडुनिंब, निलगिरी जवळजवळ रिकामे. शिआ तर तिथलेच झाड, तरी तेही रिकामे. म्हणून उपग्रहाच्या चित्रात ‘हिरवाई वाढली’ असे दिसले तरी कीटकभक्षी पक्ष्याला त्याचा उपयोग होईलच असे नाही.

आपल्याकडे सासवडच्या माळावर किंवा भीमेच्या काठच्या शेतांत हिवाळी गप्पीदासांवर असे काम करू पाहणाऱ्यांना हा आराखडा जवळपास जसाच्या तसा उतरवता येईल: पक्षी उघड्यावर बसतो, हद्द धरतो, पायातली कडी दुर्बिणीने वाचता येतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार वनखात्याची परवानगी लागते, आणि कडी घालण्याचे प्रशिक्षण बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे) आहे. रंगांच्या जुळण्या आधी त्यांच्याकडे नोंदवून घ्याव्यात, कारण तोच पक्षी दुसऱ्या कुणाच्या दुर्बिणीत सापडला तर त्याला ओळखणारे कुणीतरी हवे. पहिल्या हिवाळ्यात जिओलोकेटर नकोतच; फक्त कडी घालून किती पक्षी परततात हे आधी कळू द्यावे. दहातले दोनच परत सापडणार असतील, तर यंत्रांतले आठ दहांश उजेडाचे आकडे माळावरच हरवतात.